तिसरा शब्द

मेंदूवर संशोधन करायला निघालेल्या माणसाला उंदरांची ॲलर्जी निघावी, हे फक्त माझ्याच कपाळी. दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरातल्या संस्थेत मी पीएचडीला लागले, तेव्हा माझं काम होतं उंदराच्या मेंदूचे पातळ काप काढणं. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. तो काप पाण्यातून ब्रशनं उचलायचा, काचेवर पसरायचा आणि शिंकायचं नाही. मी शिंकायचे. आधी सर्दी समजले, मग डोळे सुजले, मग हातावर गांधी उठल्या. डॉक्टर म्हणाले, उंदीर सोडा. गाइड म्हणाले, उंदीर सोडून करशील काय? यवतमाळहून आई फोनवर म्हणाली, "इतकं शिकून उंदराले भ्याली, असं सांगू का मी लोकाईले?"

आमचे सर म्हणजे हेच गाइड. माणूस सज्जन, दक्षिणेतला आणि मराठीच्या बाबतीत कोरा. त्यांच्याकडे एक प्रकल्प धूळ खात पडला होता. खेड्यातल्या, शाळेत फारसं न गेलेल्या म्हाताऱ्या माणसांची स्मरणशक्ती तपासायची मराठी चाचणी तयार करायची. साधा विसरभोळेपणा कुठे संपतो आणि आजार कुठे सुरू होतो, हे तिनं सांगायचं. "तू मराठी आहेस ना?" सरांनी विचारलं. नाही म्हणायची सोय नव्हती. लोक संशोधनासाठी परदेशात जातात. मी आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरला गेले.

शहरात बनवलेली एक चाचणी आधीपासून होती. चित्र दाखवायचं, माणसानं नाव सांगायचं. आता कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात, टोमॅटोला भेदरं आणि पेरूला जाम. पहिल्या खेपेचे कागद पाहून सरांचा असा समज झाला, की या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना पालेभाजी आणि आमटी यांतला फरक कळत नाही. मी समजावलं. मग मुकुटबनकडच्या एका आजोबांना उलटं मोजायला सांगितलं, तर ते "तीन, दोन, लाभ" म्हणून थांबले. जन्मभर धान्य मापलेला माणूस. पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. नियमाप्रमाणे ही चूक. मी चूक लिहिली नाही, आणि का लिहिली नाही याचं पानभर स्पष्टीकरण सरांना पाठवलं. न्यूरोसायन्समधलं माझं बरंचसं लेखन या प्रकारचं आहे.

शेवटी सर कंटाळून म्हणाले, शब्द तूच निवड. चाचणीचा जीव म्हणजे पाच शब्द. ते दोनदा वाचून दाखवायचे, मग माणसाला दुसऱ्या कामात गुंतवायचं आणि थोड्या वेळानं विचारायचं, मघाचे शब्द कोणते? मी निवडले ते असे: गुंड, जाम, एक फूल, बैल आणि दोरी. गुंड म्हणजे पाणी भरायचं भांडं. पण संस्थेच्या समितीतल्या कुणीतरी शब्दकोश उघडला आणि हरकत घेतली, की वृद्धांना गुंडांची आठवण करून देणं योग्य नाही. तेही निस्तरलं. फुलाचं नाव मी इथे लिहीत नाही, का ते पुढे येईलच. ओळखायला अवघड नाही. त्याला काटे असतात, लग्नात त्याचं पाणी पाहुण्यांच्या अंगावर शिंपडतात. सगळ्यांच्या ओळखीचं असावं म्हणूनच तर मी ते घेतलं होतं.

या कामात सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे चेहरा. समोरचा बरोबर बोलला तर हसायचं नाही, चुकला तर भुवई हलवायची नाही, अडला तर मान डोलवून मदत करायची नाही. चेहरा कोरा पाहिजे. मी घरी आरशासमोर बसून सराव करायचे. आईनं एकदा पाहिलं. "मयतीत बसल्यासारखी काहून बसली?"

"ट्रेनिंग आहे."

"तुह्या बाबानं बिना ट्रेनिंगचंच जमवलं," आई म्हणाली. बाबा आयुष्यभर सरकारी कचेरीत होते. ते पेपर वाचत होते, त्यांचा चेहरा हलला नाही.

आकडे जुळवायला घेतले तेव्हा एक गंमत दिसली. म्हाताऱ्या पुरुषांना फूल आठवत होतं, म्हाताऱ्या बायांना आठवत नव्हतं. बैल आठवे, दोरी आठवे, फूलच तेवढं गायब. सर हरखले. बायांच्या मेंदूतून फुलं आधी जातात की काय? त्यांनी त्याचा वासाशी संबंध लावला, भावनेशी लावला, मेंदूच्या एका बारक्या कोपऱ्याशी लावला. मी त्याचं पोस्टर करून एका परिषदेत त्याच्यापुढे उभी राहिले. लोक येऊन माना डोलवून गेले. एका बाईंनी विचारलं, तुमच्याकडे बायका फुलं माळत नाहीत का? मी म्हटलं, यावर अजून अभ्यास व्हायला हवा. अडलं की हेच म्हणायचं असतं.

त्याच सुमारास दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझ्या आत्याचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कंपनीत आहे. आत्या ही बाबांची मोठी बहीण, नेरजवळच्या एका गावात एकटी राहते. तिचे यजमान, आमचे मामाजी, जाऊन बरीच वर्षं झाली. तेव्हापासून वावर तीच पाहते. कपाशी कुठे, तूर कुठे, निंदायला कोण येणार, सगळं तिच्या डोक्यात. दादाचं म्हणणं, त्या डोक्यातच आता काहीतरी बिघडलं आहे. फोनवर तेच तेच विचारते. दूध चुलीवर ठेवून शेजारी जाऊन बसते. आता तिला पुण्याला न्यायचं, अकराव्या मजल्यावर, म्हणजे जिवाला घोर नाही. तिला न्यायला तो गाडी घेऊन गावी आलाच.

"थ्या कबुतराच्या खोप्यात म्या काय करू?" आत्या म्हणाली. "वावर दिसते का तिथून?"

"स्विमिंग पूल दिसतो, आई."

"मंग त्याच्यातच ढकल मले."

हे भांडण मी आत्याच्या ओसरीवर बसून ऐकत होते, आणि ते फिरून माझ्यावरच आलं. आत्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "हे पोट्टी मेंदूचीच डॉक्टर होऊन राह्यली ना? घेऊ दे माही परीक्षा. नापास झाली त उद्याच्या उद्या तुह्या गाडीत बसीन. पास झाली त हे बोलणं पुन्हा काढाचं नाई."

"कबूल," दादा म्हणाला.

मला कोणी विचारलंच नाही. नातेवाइकांची चाचणी घेऊ नये असा नियम आहे, आणि तो का आहे ते मला त्या दिवशी कळलं. मला आत्या तिथेच हवी होती. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी त्या घरात काढल्या आहेत. तिला तिथून उचलायचा कागद माझ्या हातानं व्हायला नको होता. पण मी नाही म्हटलं असतं तर दादानं तिला शहरातल्या कुठल्या तरी डॉक्टरसमोर बसवलं असतं, आणि त्यानं भेदरं दाखवून टोमॅटो म्हणेपर्यंत तिला सोडलं नसतं. त्यापेक्षा मी बरी. हा कागद आपल्या अभ्यासात धरायचा नाही, असं स्वतःला बजावून मी बसले.

आत्या आतल्या खोलीत पलंगावर, मी खुर्चीत, दादा दाराबाहेर ओसरीवर कान टवकारून. तारीख विचारली तर तिनं तिथी सांगितली, मग तारीखही सांगितली, वर "पाह्य तुह्या मोबाईलमंदी" म्हणाली. उलटं मोजलं. कागदावर घड्याळाचं चित्र काढलं, काटे बरोबर लावले. मग मी विचारलं, मघाचे शब्द कोणते?

"गुंड," आत्या म्हणाली. "जाम." मग ती थांबली. डोक्यावरचा पदर जरासा पुढे ओढला. "बैल. दोरी."

"अजून एक होता, आत्या."

"असंन."

मी बेरीज केली. पुन्हा केली. एक गुण कमी पडत होता, आणि तो त्या फुलाचा होता. आमच्या नियमानं याला संशयास्पद म्हणतात. मी कागद पालथा घातला. चेहरा मात्र कोरा होता, तेवढं शिक्षण कामी आलं.

पण एक गोष्ट मला खटकत होती. ती थांबली होती नेमकी तिसऱ्या जागी. विसरणारा माणूस रिकामी जागा सोडत नाही. शब्द गेला की त्याची जागाही जाते, उरलेले शब्द एकमेकांना चिकटतात; इतक्या म्हाताऱ्यांसमोर बसून एवढं मला कळायला लागलं होतं. आत्यानं तर जागा राखून ठेवली होती. ती चहा ठेवायला उठली, तशी मीही मागोमाग सैपाकघरात गेले आणि विचारलं, "आत्या, तिसरा शब्द आठवते ना तुले?"

"न आठवाले काय झालं?" तिनं आवाज खाली आणला. "कायले असे शब्द ठेवता वं परीक्षेत? बाहेर पोरगं बसलं माहं. त्याच्यादेखत त्याच्या बापाचं नाव घेऊ?"

मी हातात कपबश्या घेऊन उभीच राहिले. मामाजींचं नाव म्हणजे तेच फूल, पुढे राव. त्या पिढीत आमच्या भागात ही हाक मारली की गावात दोन-तीन माणसं तरी ओ देत.

"लग्नात उखाण्यात घेतलं, घरात पाय ठेवताना घेतलं," आत्या म्हणाली. "तेवढं पुरे. थे फूल देवाले वाह्यचं असलं त मी काट्याचं फूल म्हणते. आता तुह्या कागदापायी तोंडातून काढू का?"

मला ते पोस्टर आठवलं. त्याच्यापुढे उभी असलेली मी आठवले. मग एकेक करून त्या बाया आठवल्या. कोणी पदर ओढला होता, कोणाला नेमका तेव्हाच खोकला आला होता, राजूरच्या एका आजीनं तर "होऊ दे, पुढचं इचार" म्हणून मलाच वाटेला लावलं होतं. कोणाचा नवरा, कोणाचा सासरा, कोणाचा जेठ. सगळ्यांना फूल आठवत होतं. आणि ज्या घरात मी वाढले तिथे आई बाबांना अजून "ऐकलं का" अशी हाक मारते. मला हे सुचू नये?

दादाला बाहेर जाऊन सांगितलं. आधी तो हसला. मग त्यानं कप खाली ठेवला. "खरं आहे," तो म्हणाला. "लहानपणी रेशनच्या दुकानात, तहसीलात, दवाखान्यात, सगळीकडे आई मला सोबत न्यायची. साहेबानं नवऱ्याचं नाव विचारलं की मला कोपरानं ढोसायची. मग मी सांगायचो. बापाचं नाव सांगायची नोकरीच होती माझी." तो उठला आणि आत जाऊन आईला म्हणाला, "पास झालीस." दिलेला शब्द त्यानं पाळला. जाताना आत्यानं त्याच्या डिकीत तुरीची डाळ आणि भेदरं भरून दिली, आणि अकराव्या मजल्यावरही रोज आंघोळ करत जा, असं बजावलं.

सरांना मी सगळं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर एका ओळीचं आलं: फारच रोचक, नवऱ्याचं नाव नोंदवता येईल का? मी कळवलं, की तो रकाना कागदावर पहिल्यापासून आहे आणि तो नेहमी शेजारीण भरून देते. पोस्टर गुंडाळून ठेवलं. यादीत त्या फुलाच्या जागी झेंडू आला. झेंडूराव नावाचा माणूस आम्हाला जिल्ह्यात कुठे सापडला नाही.

आत्या गावभर सांगत सुटली, की तिच्या डोक्श्याची तपासणी झाली आणि ती पास आहे. पारावर कोणी उलट बोललं की म्हणायची, "माह्यापाशी सट्टीफिकेट आहे, तुह्यापाशी आहे का?" असा काही कागद नव्हता. मी ते कोणाला सांगितलं नाही.

यंदा कापूस वेचणीच्या दिवसांत मी पुन्हा त्या भागात होते. दुपारी आत्याकडे जेवायला थांबले. घर झाडलेलं, वरणाला फोडणी बेताची, भाकरी नेहमीसारखी. तिनं मला नावानं हाक मारली, माझ्या शिंकांची चौकशी केली. मी निवांत जेवले. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "घे ना माही परीक्षा. साल होऊन गेलं. पास झाली का लाव त्याले फोन. लय दिवसाचा चूप आहे, मनात काई शिजवत असंन."

शेजारच्या काकू दारात सुपात तूर निवडत बसल्या होत्या. त्यांनाही बघायचं होतं. मी झेंडूची यादी काढली.

"हे नाई," आत्या म्हणाली. "मांगचीच घे. त्याच्यातच मी पास झालती."

जुना कागद पिशवीत होता. मी शब्द दोनदा वाचले. तिसरा वाचताना काकू होत्या म्हणून आवाज जरा खाली आणला. मग तिनं उलटं मोजलं, थोडं अडखळत. घड्याळ काढलं. मी म्हटलं, "सांग आत्या, मघाचे शब्द."

आत्यानं तो शब्द सांगितला. पहिलाच तो. मोठ्यानं, स्वच्छ, वावरातून कोणाला जेवायला हाक मारावी तसा. तिचा हात पदराकडे गेला नाही.

काकूंचा हात सुपातच थांबला. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "काय झालं वं?"

"काई नाई बाई," काकू म्हणाल्या आणि खाली बघून तूर निवडायला लागल्या.

"जाम," आत्या म्हणाली. "बैल. दोरी." पुढचा तिला आठवेना. गुंड तिच्या पाठीमागेच होता, भरलेला, वर पेला पालथा घातलेला.

मी थांबले. नियमापेक्षा जास्त थांबले. मला गुंडाचं काही नव्हतं. मला वाटत होतं की तिनं जीभ चावावी, "अवं माय" म्हणावं, निदान काकूंकडे बघून लाजावं. शब्द तिला आठवला होता. तो घ्यायचा नाही, हे आठवलं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली, शाळेतली पोरगी निकालाच्या दिवशी बघते तशी.

बरोबर आलेल्या शब्दापुढे खूण करायची असते. मी त्या शब्दापुढे खूण केली. मागच्या वर्षी चार शब्द, या वर्षी चार. ही चाचणी मीच बनवली आहे, आणि या दोन चारांमधला फरक तिच्यात कुठेच लिहिता येत नाही.

"पास ना?" आत्यानं विचारलं.

"हाव आत्या."

माझा चेहरा कोरा राहिला. काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. हात धुऊन येते म्हणून मी घरामागच्या धुऱ्यावर, वावराच्या बांधावर गेले आणि तिथे रडले. पदरानं डोकं झाकून बायका कापूस वेचत होत्या, त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून पाठ करून रडले. मग दादाला फोन लावला.

"आईची परीक्षा घेतली," मी म्हटलं. "चार आले."

"म्हणजे गेल्या वेळेइतकेच ना," दादा म्हणाला. त्याच्या मागे ऑफिसात कोणीतरी हसत होतं. "चला, झाली पास. आता वर्षभर ऐकवेल मला."

"दादा, तिसरा शब्द सांगितला तिनं."

तो म्हणाला, "बाबांचं नाव?"

"हो."

"तुझ्या कानात?"

"नाही. मोठ्यानं. काकू बसल्या होत्या."

मागचं हसणं कमी कमी होत गेलं. तो कुठेतरी चालत बाजूला जात असावा.

"आईनं?" तो म्हणाला. "तोंडानं?"

"तोंडानं."

"निघतो मी," दादा म्हणाला.